नेत्राणी राहिलं, हाजीअली झालं

कानाच्या डॉक्टरांनी कानातलं यंत्र बाहेर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "किती खोल जाणार होतात?"

"पंधरा-सोळा मीटर."

"दोन आठवडे बादलीतसुद्धा डोकं घालायचं नाही," असं म्हणून त्या नाकात मारायच्या फवाऱ्याचं नाव लिहून मोकळ्या झाल्या.

त्यांचं बरोबरच होतं. सर्दीने कान आणि घशाला जोडणारी नळी सुजली की आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि त्यातले पहिले दहा मीटरच सगळ्यात खडतर, कारण तेवढ्यातच दाब दुप्पट होतो. पडद्याला भोक पडल्याच्या गोष्टी मी लोकांकडून ऐकल्या आहेत. तेवढ्यावर माझं भागतं.

पण दोन दिवसांनी आम्ही कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाशी डायव्हिंगला निघणार होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे भाऊजी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, यांना पाण्याखालच्या फोटोंचं वेड लागलं. मुरुडेश्वरची तिकिटं काढून झाली होती, तिथून बोट, आणि फक्त आम्हा दोघांसाठी ठरवलेला गाईड.

हा 'फक्त दोघांसाठी' प्रकार ऐकायला श्रीमंती वाटतो, म्हणून सांगते. एरवी चार-सहा जण एका गाईडमागे पाण्यात उतरतात. तो पुढे, आपण मागे, पाऊण तासात बेटाची एक बाजू बघून वर. फोटो काढणाऱ्याला हे झेपत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एके ठिकाणी नखाएवढ्या कोळंबीसमोर मी थांबले, तर गाईडने पायातलं फिन धरून मला मागे खेचलं. वर आल्यावर म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांनीपण पैसे भरलेत." तेही खरंच होतं. तेव्हापासून मी दोन सहलींचे पैसे एकीत घालते. वर्षातून एकदाच जायचं, पण गाईड आपला. असा गाईड एका खडकाशी अर्धा तास बसतो. आपल्या हवेच्या काट्यावर त्याची नजर असते, आणि आपला डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला असताना पाठीमागे काय चाललंय तेही तोच बघतो.

आमचा गाईड वरळी कोळीवाड्यातला. हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, तो तिकडे असतो. नेमका चुलत बहिणीच्या हळदीसाठी घरी आला होता आणि आमच्याबरोबरच परत जाणार होता. मी फोन करून कानाचं सांगितलं.

"मग पैसे परत करू का, ताई?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "की इथेच करू या? शनिवारी पौर्णिमा आहे. गुडघाभर पाण्यात कान कुठे लागतो?"

"मुंबईत? दिसणार काय, चिखल?"

"दोन बोटं लांबचं दिसलं तरी पुरे. तुम्ही बारीकसारीकच काढता ना?"

चतुर्दशी, शुक्रवार

संध्याकाळी तो दादरला घरी आला. आईने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि चहाच्या आधी कॅमेरा मागितला.

माझा कॅमेरा साधा आहे, ऑलिंपसचा टीजी-६. खिशात मावतो, नुसता घेऊनही पंधरा मीटरपर्यंत जाता येतं, आणि एक सेंटिमीटरवरची वस्तू टिपतो. खाली जायचं असेल तर मी त्याला वरून हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटीही घालते. भाऊजींचं मात्र सगळं मोठं. डीएसएलआर, त्याचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, समोर काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन हात आणि त्यांच्या टोकांना दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्यातले फ्लॅश. पाण्यात हे तरंगल्यासारखं हलकं होतं. जमिनीवर उचलायला दुसरा माणूस लागतो. लुई बुताँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा उजेडासाठी त्याने लाकडी पिंपावर काचेची हंडी बसवून आत स्पिरिटचा दिवा आणि मॅग्नेशियमची पूड वापरली होती. भाऊजींना ही गोष्ट फार आवडते. त्यांचं सामान बघून आम्हाला पिंप पाहिल्यासारखंच वाटतं.

गाईडने हाउसिंग उघडून ओ-रिंग काढली. दोन झाकणांमधलं हे रबराचं कडं, पाणी अडवणारं सगळं काही तेवढंच. त्याने डोळे मिटले आणि कडं बोटाच्या पेरावरून हळूहळू फिरवलं, जपमाळ ओढावी तसं. एका जागी थांबला. दिव्यापाशी नेऊन दाखवलं तर कापसाचा तंतू.

"डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. आणि ग्रीस एवढं का फासलंय, ताई? पाणी रबर अडवतं, ग्रीस नाही. ग्रीस फक्त रबर मऊ राहायला. जास्त लावलं की कचरा धरतं."

मी गप्प बसले. माझा आधीचा कॅमेरा बारा मीटरवर बुडाला तो एका केसामुळे. केस पांढरा होता, म्हणजे दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नव्हती.

मग बाथरूममध्ये रंगीत तालीम. बादलीभर पाणी, त्यात कुंडीतली मूठभर माती आणि तळाशी आल्याचा तुकडा. "काढा फोटो." मी समोरून फ्लॅश मारला आणि आल्यावर हिमवर्षाव झाला. पाण्यातल्या प्रत्येक कणाने उजेड लेन्सकडे परत फेकला होता. मुंबईच्या समुद्रात गाळ म्हणजे ठाण्याच्या खाडीपासून मिठीपर्यंत सगळ्यांनी आणून टाकलेला, वर भरती-ओहोटीने दिवसाला चारदा ढवळलेला. त्यावर दोनच इलाज. उजेड बाजूने द्यायचा, आणि इतकं जवळ जायचं की मधे गाळाला जागाच उरू नये. आलं सतराव्या फोटोत आल्यासारखं दिसलं. भाऊजींचा कॅमेरा बादलीत मावला नाही.

निघताना त्याने वेळ ठरवली, तीही मोबाइल न काढता. कोळीवाड्यातला हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. पौर्णिमेची पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, साडेपाचच्या आगेमागे, पुरती सुकती, म्हणजे ओहोटीचं टोक. पुढे रोज पाऊण तास उशिरा. हिशेब ढोबळ आहे. मी नंतर छापील तक्त्याशी ताडून पाहिला तर वीस मिनिटांचा फरक निघाला. थंडीत आपल्याकडे संध्याकाळची सुकती सकाळच्यापेक्षा खोल जाते. पावसाळ्यात उलट, तेव्हा पहाटेची खोल.

पौर्णिमा, शनिवार

साडेचारला हाजीअली. दर्ग्याकडे जाणारी वाट उघडी पडली होती आणि दोन्ही बाजूंचे काळे खडक पाण्यातून वर यायला लागले होते. डोक्यावरून कोस्टल रोडच्या मार्गिका. हा रस्ता व्हायचा होता तेव्हा, २०२० मध्ये, इथल्या आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या अठरा वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवल्या होत्या. तेव्हा पहिली बातमी वाचून माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारलं होतं, "मुंबईत प्रवाळ आहे?" मीही विचारणाऱ्यांतलीच. मी अंदमानपर्यंत जाऊन आले होते, हाजीअलीला फक्त ज्यूस प्यायला.

गाईडचे नियम चार वाक्यांत संपले. जाड तळव्याचे बूट. हातमोजे नाहीत, कारण हातमोजा घातला की हात लावावासा वाटतो. दगड उलटायचा असेल तर तो उलटणार, आणि होता तसाच परत ठेवणार. आणि तो "चला" म्हणाला की तिथेच शटर सोडायचं.

पहिला अर्धा तास मला काहीही दिसलं नाही. शेवाळ, कालवं, प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल. तो मात्र चॉपस्टिकने दाखवत चालला होता. पाण्याखाली काहीही दाखवायला तो हीच चॉपस्टिक वापरतो, तिचं टोक नेहमी वस्तूपासून वीतभर लांब. एका डबक्याशी उकिडवा बसला. "इथे."

"काय?"

"पाणी बसू दे आधी."

आम्ही बसलो. गाळ खाली गेला. डबक्याचा तळ राखाडी होता तो हळूहळू हिरवा झाला. झोअँथिड, प्रवाळाच्या कुळातले प्राणी. शर्टाच्या बटणाएवढी फुलं, एकाला एक चिकटून, दारात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. प्रत्येकाच्या कडेला आखूड झालर. उघडी पडली होती ती सगळी मिटून रबरी गोळ्यांसारखी झाली होती आणि पाण्यात राहिलेली तेवढीच उमललेली. पाण्याची रेघ जिथून जात होती तिथे अर्धं फूल उघडं, अर्धं बंद.

मी बोट पुढे नेलं. "नको, ताई. यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. बोटाला कापलेलं असलं तर दवाखाना."

वरून फोटो काढला तर फुलांऐवजी आकाश आणि अर्धी इमारत आली. त्याने पाठीवरच्या पिशवीतून छत्री काढली. काळी, लांब दांड्याची, आजोबांची असते तशी. ती डबक्यावर तिरकी धरली आणि पाण्यावरची इमारत पुसली गेली. समुद्राच्या मधोमध, स्वच्छ आभाळाखाली, एक धट्टाकट्टा मुलगा दोन माणसांवर छत्री धरून बसलाय हे पाहून दर्ग्याकडे जाणाऱ्या एका कुटुंबाने थांबून आमचाच फोटो काढला.

आणि रंग! नेत्राणीला पंधरा मीटरवर लाल रंग उरलेला नसतो, पाणी तो आधीच पिऊन टाकतं. फ्लॅश मारल्याशिवाय सगळं निळं-राखाडी. इथे गुडघाभर पाण्यात सूर्य तिरका येत होता आणि सगळे रंग आपापल्या जागी होते. बाजूच्या कपारीत कप कोरल निघालं, तपकिरी, जेमतेम बोराच्या बीएवढं, आत कमळाच्या पाकळ्यांसारखे पडदे. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा उचलून नेणं म्हणजे गुन्हा, मग ते अंदमानात असो की ज्यूस सेंटरच्या समोर.

भाऊजींची गोष्ट वेगळी चालली होती. त्यांचा घुमट बुडेल एवढं डबकं सापडत नव्हतं. एक सापडलं, त्यात वाकायला ते खडकावर टेकले आणि खडकावर कालवं होती. पँट मागून फाटली. जखम झाली नाही. पण पुढचा तासभर ते पाठ कोणाकडे करायची नाही या बेताने चालत होते, आणि पौर्णिमेचा चंद्र सहाच्या सुमारास नेमका त्यांच्या मागून उगवला.

सहाला पाणी वळलं. मला कळलंही नाही. गाईड म्हणाला, "चला." मी म्हटलं, "एकच." तो म्हणाला, "ताई, चला." पहिल्या तासाला पाणी बारावा हिस्सा चढतं, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्याला तीन. चार मीटरच्या उधाणात पहिला तास फूटभराचा. तिसऱ्या तासाला मीटरभर येतं, आणि तेव्हा आपण खडकाच्या टोकाला असलो तर मागची वाट आधीच बुडालेली असते.

प्रतिपदा, रविवार

जुहू. रविवारची संध्याकाळ, म्हणजे किनाऱ्यावर अर्धी मुंबई. भेळ, घोडे, बुडबुडे उडवणारी यंत्रं. त्या सगळ्याला पाठ करून आम्ही वाळूतून खडकाळ भागाकडे चालत गेलो, पाय न उचलता, फरशी पुसल्यासारखे घासत. वाळूत पाकट पुरून बसलेली असते. पाय वरून पडला तर ती शेपटीचा काटा मारते, पायाची चाहूल लागली तर आपणहून सरकते. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी जणांना डंख मारले होते, ते याच कारणाने.

मी पूर्वी एकदा 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनाऱ्यावरच्या फेरीला आले होते. २०१७ पासून ही मंडळी मुंबईकरांना खडक दाखवताहेत, आणि उत्तम दाखवतात. पण फेरीत पुष्कळ माणसं असतात, त्यात उत्साही मुलं असतात. मला एकाच प्राण्यासमोर वीस मिनिटं लागतात. मागच्या मुलाने तिसऱ्यांदा "काकू, झालं?" विचारलं तेव्हा मी उठले होते. आज मागे कोणी नव्हतं.

निदान सुरुवातीला नव्हतं. मग एक पोरगं आलं, मग त्याचे तीन मित्र, मग एक आजोबा. "काय हरवलंय?" "चावी?" "सोनं?" गाईड प्रत्येकाला शांतपणे "अंगठी" सांगत होता. मी विचारलं, खोटं कशाला? तो म्हणाला, "खेकडे सांगितलं तर सगळे दगड उलटतील. अंगठी सांगितलं तर शोधतात, पण लांबून."

अंधार झाला. तक्त्याप्रमाणे सुकती साडेसहाची होती, अर्ध्या मीटरच्याही खाली. यंदा चंद्र पृथ्वीच्या जवळ होता म्हणून उधाण मोठं. गाईडने साधी टॉर्च विझवली आणि निळी लावली, मला डोळ्यांवर धरायला पिवळी फिल्टर काच दिली. पुढच्या डबक्यात दिवाळी. झोअँथिड हिरवे पेटले होते, काहींचे मधले ठिपके नारिंगी. निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत टाकणारी प्रथिनं त्यांच्या अंगात असतात. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी ती प्रवाळांच्या या कुळातून वेगळी काढली आणि आज पेशींच्या आत काय चाललंय ते पाहायला प्रयोगशाळांत वापरतात. जुहूला, पावभाजीच्या तव्यांपासून चार मिनिटांवर, ती फुकट पेटलेली होती.

त्याच डबक्यातला एक दगड हलला.

गाईडने माझ्या दंडाला हात लावला. पाण्याखाली असतो तेव्हाही तो असंच करतो, दोन बोटं, म्हणजे थांबा. पांढरी टॉर्च त्याने तळहाताने झाकून, बोटांच्या फटींतून उजेड पाडत पेटवली. ऑक्टोपस होता. मुठीएवढा. खडकासारखा खरखरीत, तपकिरी, डोळा मात्र उघडा, बाहुली आडवी. एक हात सावकाश पुढे आला, चॉपस्टिकच्या टोकाशी थांबला, टोक चाचपलं. पुढच्या क्षणी सगळा प्राणी पांढरा पडला, आणि मी श्वास घेईपर्यंत परत तपकिरी. माझा फोटो? पहिले नऊ हललेले. दहाव्यात फक्त हात.

भाऊजींनी तोवर एक शहाणपणा केला होता. घरूनच दोन्ही नांग्या उतरवून आले होते. एक स्ट्रोब सुटा काढून त्यांनी गाईडच्या हातात दिला. "तू मागून धर, मी समोरून काढतो." तो पोटावर आडवा झाला, अक्षरशः ओल्या खडकावर पोट टेकून, आणि स्ट्रोब ऑक्टोपसच्या पाठीमागे पाण्यात तिरका धरला. पाठीमागून उजेड आला तसा हाताचा पातळ पडदा कंदिलासारखा झाला, चोषकांची रांग एकेक मोजता येईल अशी. हा फोटो भाऊजींचा. गेल्या सात वर्षांतला त्यांचा सगळ्यात चांगला, आणि तो काढताना त्यांचे घोटेही पूर्ण भिजले नव्हते.

परत येताना मी गाईडला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, आजी कालवं काढायला यायची, तिच्याबरोबर. ती टोचा मारायची, मी डबक्यात बघत बसायचो. पुढे जरा चालून म्हणाला, "तिला ऑक्टोपस मिळाला असता तर तिने शिजवला असता."

द्वितीया, सोमवार

सुट्टी संपली होती. ऑफिसातून थेट वांद्रे, बँडस्टँड. सुकती सव्वासातची, त्यामुळे आज उजेड शून्य, वर वारा. वाऱ्याने डबक्यांवर सुरकुत्या आणि सुरकुत्यांनी छत्रीचंही काही चालेना. तासभर वाया गेला. भाऊजी कंटाळून खडकावर बसले, आधी चाचपून.

मला खरं तर एकच गोष्ट हवी होती. एका समुद्री गोगलगायीचं शास्त्रीय नाव आपल्या शहरावरून आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. १९४६ मध्ये विंकवर्थ नावाच्या अभ्यासकाने ठेवलं. १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं, पण गोगलगायीचं बदलायची सोय प्राणिशास्त्रात नाही. ती मला काढायची होती. गाईडने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "शोधू. मिळेल म्हणत नाही." मला हे आवडतं. पैसे घेऊन देवमासा कबूल करणारे मी पाहिले आहेत.

बॉम्बेयानस मिळाली नाही. पण आठच्या सुमारास एका शेवाळाच्या झुपक्याशी तो इतका वेळ थांबला की मला वाटलं पाय अडकला.

"पानं मोजा," तो म्हणाला.

मी वाकले. हिरवं शेवाळ, त्याची हिरवी पातळ पानं. सात, आठ, नऊ. नववं पान चालत होतं.

एलिसिया, तीही समुद्री गोगलगायच. सेंटिमीटरभर लांब, अंगाच्या दोन्ही कडा वर दुमडलेल्या, टोकाला दोन शिंगं. ही शेवाळाच्या पेशी फोडून रस शोषते आणि त्यातले हरितद्रव्याचे कण न पचवता आपल्या अंगात साठवते, म्हणून तर हिरवी. मी कॅमेरा पाण्यात घातला, भिंग तिच्यापासून दोन बोटांवर. गाईडने टॉर्च डावीकडून दिली. पडद्यावर ती एकदम माझ्या तळहाताएवढी झाली आणि हिरव्या अंगात झाडाच्या पानासारख्या शिरा दिसल्या, शिरांच्या मधे पांढरे ठिपके, रवा सांडल्यासारखे. एक शिंग भिंगाकडे वळलं. मी अठ्ठेचाळीस फोटो काढले. माझे गुडघे बधिर झाले, नाक गळत होतं, कानात दडा होता. गाईड हललाही नाही. त्याचा टॉर्चचा हात थरथरत होता, तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

शेजारीच शेवाळावर पांढरी गुंडाळी होती, बारीक शेवईच्या चकलीसारखी. "अंडी," तो कुजबुजला. का कुजबुजला कोण जाणे.

"चला" तो दोनदा म्हणाला. मी दुसऱ्यांदा ऐकलं.

वर रस्त्यावर येऊन कटिंग प्यायलो. भाऊजींनी राहिलेले पैसे पाकिटात घालून दिले, त्याने मोजले नाहीत. रात्री अकराच्या गाडीने तो परत कर्नाटकात निघणार होता. "कान बरा झाला की मार्चमध्ये या. तिकडे पंधरा मीटर लांबचं दिसतं." मग पेला ठेवत म्हणाला, "पण तुम्ही तिकडेपण दोन बोटांवरूनच काढणार."

घरी येऊन सामान गोड्या पाण्यात बुडवायला बादली भरली. मीठ वाळलं की बटणं घट्ट बसतात, म्हणून हे त्याच रात्री करावं लागतं. जाळीची पिशवी उलटी करणार तेवढ्यात तिच्यातला शंख चालायला लागला. शेंगदाण्याएवढा, आत हर्मिट क्रॅब, रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. खडकावर पिशवी ठेवली तेव्हा चढला असणार. गोड्या पाण्यात पडला असता तर संपलाच होता.

गाईडला फोन लावला. तो कुर्ल्याला गाडीची वाट पाहत होता. "दादर चौपाटीवर सोडू?"

"तिथे वाळू आहे, ताई. जिथला तिथेच सोडायचा. रात्रभर समुद्राच्या पाण्यात ठेवा, थोडंच, बुडेल न बुडेल एवढं. सकाळी आठला सुकती आहे."

अंगारकी, मंगळवार

सव्वासातला दादर स्टेशन, आणि पौषातली अंगारकी. विरारकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून सिद्धिविनायकाची गर्दी उतरत होती. माझ्या हातात स्टीलचा डबा, त्यात रात्री साडेदहाला शिवाजी पार्कच्या मागून भरून आणलेलं पाणी आणि खेकडा. उलट दिशेची बोरिवली गाडी बरीच मोकळी मिळाली. लेडीज डब्यात खिडकीशी बसले, डबा मांडीवर.

समोरच्या बाई दर्शन करून परत चालल्या होत्या, कपाळावर शेंदूर, हातात दूर्वा नि प्रसादाची पिशवी. थोडा वेळ त्यांनी बघितलं. "सांडेल म्हणून धरलंय का? कालवण आहे?"

"नाही, खेकडा आहे."

"अंगारकीला?"

"जिवंत आहे," मी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा बघून घाईघाईने, "म्हणजे सोडायला चाललेय. वांद्र्याला. तिथला आहे तो, चुकून घरी आला."

त्यांनी दूर्वांची पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली. माटुंगा रोड गेलं. मग त्या पुढे झुकल्या. "बघू."

मी झाकण काढलं. शंख डब्याच्या कडेला टेकून गप्प पडला होता. दोघी वाकलो. बऱ्याच वेळाने एक नांगी बाहेर आली, केशरी, तांदळाच्या दाण्याएवढी, मग देठावरचे दोन डोळे. बाईंनी मोबाइल काढला, नेम धरला आणि वैतागून म्हणाल्या, "नुसता वरचा दिवाच येतोय हो."

"पदर धरा," मी म्हटलं. "असा तिरका, पाण्यावर."

त्यांनी एका हाताने पदर डब्यावर ताणून धरला. पाण्यावरची ट्यूबलाइट विझली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि माहीम आलं तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.